विसर पडू न देणारा लेखनिक : फ्रेडरिक ब्रूली बुआब्रे यांचे प्रकरण

आपल्या लोकांची भाषा लिहिता यावी म्हणून एका माणसाने एकट्याने लिपी घडवली. त्या लिपीत त्या लोकांनी लिहिले नाही. तिची चिन्हे मात्र आज न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात चित्रे म्हणून जपलेली आहेत. पश्चिम आफ्रिकेतील कोत द’ईव्वार, म्हणजेच आयव्हरी कोस्ट, या देशातील स्वयंशिक्षित चित्रकार फ्रेडरिक ब्रूली बुआब्रे यांच्या आयुष्याचे हे तीन वाक्यांतले सार आहे. ज्या वारशासाठी हे काम झाले त्या वारशाच्या वाट्याला यातून काय आले आणि काय आले नाही, हे तपासणे हा या लेखाचा हेतू आहे. बुआब्रे यांचा उल्लेख अनेकदा ‘आउटसायडर’ कलावंत, म्हणजे कलेच्या मुख्य प्रवाहाबाहेरचा माणूस, असा केला जातो. हा शब्द त्यांना कितपत लागू पडतो, हा प्रश्नही या प्रकरणाचाच भाग आहे, कारण वारशाकडे पाहण्याची आपली दृष्टी त्या एका शब्दाने बरीच ठरून जाते.

पार्श्वभूमी

बुआब्रे यांचे जन्मवर्ष अंदाजाने १९२३ धरले जाते. देशाच्या पश्चिम भागातील दालोआ शहराजवळचे झेप्रेगूए हे त्यांचे गाव. ते बेते समाजाचे. बेते भाषा क्रू भाषासमूहातली असून तिच्या नात्यातल्या भाषा शेजारच्या लायबेरियातही बोलल्या जातात. बेते लोकांचे कधी एक राज्य नव्हते, राजा नव्हता, राजदरबार नव्हता. कुळे आणि गावे यांच्या आधारावर समाज चालत असे. ही गोष्ट वारशाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. जिथे दरबार असतो तिथे बखरकार असतो, वंशावळी पाठ करणारे भाट असतात, कोठारात जपलेल्या वस्तू असतात. बेते समाजात जे होते ते माणसांच्या तोंडी आणि माणसांच्या अंगावर होते: कथा, म्हणी, गाणी, मुखवट्यांचे नाच, चेहऱ्यावर कोरलेल्या व्रणांच्या खुणा. सांगणारा माणूस गेला की त्याच्याबरोबर त्याचा वाटाही जात असे.

त्या काळी हा प्रदेश फ्रेंच पश्चिम आफ्रिकेत मोडत होता. डाकार ही तिची राजधानी होती आणि शाळेची भाषा फ्रेंच होती. या वसाहतींतल्या अनेक शाळांमध्ये मुलाने मातृभाषेत एखादा शब्द उच्चारला तर त्याच्या गळ्यात एक वस्तू अडकवली जाई. तिला नुसतेच ‘चिन्ह’ म्हणत. पुढचा मुलगा तीच चूक करताना सापडेपर्यंत ती वस्तू गळ्यात वागवावी लागे. बुआब्रे अशाच शाळाव्यवस्थेत फ्रेंच शिकले. त्यांच्या गावच्या फार थोड्या मुलांना ही संधी मिळाली असेल, आणि त्या शिक्षणानेच त्यांना पुढे नोकरी दिली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते फ्रेंच नौदलात होते, नंतर रेल्वेत काम केले आणि मग सरकारी कचेरीत लेखनिक म्हणून लागले. लेखनिक या शब्दावर मी मुद्दाम भर देत आहे. त्यांच्या चित्रांवर लिहिणारे बहुतेक लोक त्यांना द्रष्टा म्हणतात, आणि ते होतेच. पण नोंद करणे, क्रम लावणे, तारीख घालणे, मथळा देणे ही कचेरीची शिस्त त्यांच्या प्रत्येक चित्रात उतरलेली आहे, आणि तिच्याकडे दुर्लक्ष केले तर त्यांचे काम अर्धेच समजते.

साक्षात्कार आणि लिपी

११ मार्च १९४८ रोजी डाकार येथे त्यांना एक दर्शन झाले. आकाश उघडले आणि एका मातृसूर्याभोवती सात रंगीत सूर्यांनी फेर धरला, असे ते स्वतः सांगत. त्या दिवसापासून त्यांनी ‘शेख नाद्रो’ हे नाव घेतले. त्याचा अर्थ ‘जो विसरत नाही तो’. एवढ्या मोठ्या दर्शनानंतर माणूस स्वतःला तारणहार म्हणवून घेऊ शकला असता; या माणसाने स्मरणाचे काम अंगावर घेतले. दर्शनात दिसलेल्या सूर्यांचा आणि विसर न पडू देण्याचा संबंध वरवर पाहता लागत नाही, पण ज्या समाजाचे सर्व काही तोंडी आहे आणि ज्याची मुले शाळेत आपलीच भाषा गिळून टाकायला शिकत आहेत, त्या समाजातल्या माणसाला देवाकडून मिळणारी आज्ञा याहून वेगळी काय असणार, असे मला वाटते.

त्यानंतरच्या काही वर्षांत त्यांनी बेते भाषेसाठी लिपी घडवली. तिच्या प्रेरणेचा उगम त्यांनी बेकोरा गावी सापडणाऱ्या, भौमितिक आकारांच्या छोट्या दगडांत दाखवला आहे. या दगडांवरच्या आकृत्या म्हणजे पूर्वजांचे विसरले गेलेले लेखन आहे, अशी त्यांची धारणा होती. त्या धारणेचा पुरातत्त्वाच्या कसोटीवर निवाडा करण्याची येथे गरज नाही. आपण लिपी नव्याने शोधत नसून हरवलेली लिपी परत आणत आहोत, ही भावना तिच्यामागे होती, एवढे लक्षात घेतले म्हणजे पुरे.

लिपीचे तत्त्व सोपे आहे. बेते भाषेत एका अक्षराचे, म्हणजे एकाच स्वरोच्चाराचे, शब्द पुष्कळ आहेत. अशा शब्दाने दाखवलेल्या वस्तूचे किंवा क्रियेचे छोटे चित्र काढायचे आणि ते चित्र त्या उच्चाराचे चिन्ह मानायचे. मग लांब शब्द लिहिताना ही चिन्हे एकापुढे एक मांडायची; वाचणाऱ्याने वस्तूंचा अर्थ बाजूला ठेवून त्यांच्या नावांचे आवाज जोडायचे. अशी चारशेंहून अधिक चिन्हे त्यांनी तयार केली. ही चिन्हे परक्या वर्णमालेतून घेतलेली नाहीत, रोजच्या बेते आयुष्यातून उचललेली आहेत. त्यामुळे लिपी शिकणारा त्याच वेळी त्या आयुष्यातल्या वस्तू, प्राणी, अवयव आणि हालचाली यांची एक यादीही शिकतो. बुआब्रे यांची महत्त्वाकांक्षा बेते भाषेपुरती थांबत नव्हती. माणसाच्या तोंडून निघणारा कोणताही आवाज या चिन्हांनी टिपता येईल, असा त्यांचा दावा होता.

डाकारमधील फ्रेंच कृष्ण आफ्रिका संस्थेचे संचालक, निसर्गशास्त्रज्ञ तेओदोर मोनो यांनी या लिपीची दखल घेतली आणि १९५८ मध्ये संस्थेच्या पत्रिकेत तिच्यावर लेख प्रसिद्ध केला. त्यामुळे लिपी विद्वानांपर्यंत पोहोचली. दोनच वर्षांनी, ७ ऑगस्ट १९६० रोजी, देश स्वतंत्र झाला आणि नव्या राष्ट्राने फ्रेंचलाच राजभाषा ठेवले.

लिपी का रुजली नाही

येथे तुलना उपयोगी पडते, आणि ती करायला फार दूर जावे लागत नाही. पश्चिम आफ्रिकेत एकट्या माणसाने लिपी घडवण्याची परंपराच आहे. लायबेरियात मोमोलू दुवालू बुकेले यांनी १८३० च्या दशकात वाई भाषेची अक्षरलिपी तयार केली, आणि तीही स्वप्नातून मिळाल्याचे सांगितले जाते. कॅमेरूनमधील फुम्बानचा राजा न्जोया याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बामुम लिपी सुरू केली. सॉलोमाना कांते यांनी मांदे भाषांसाठी न्को लिपी १४ एप्रिल १९४९ रोजी पूर्ण केली, म्हणजे बुआब्रे यांच्या दर्शनानंतर तेरा महिन्यांनी. आणि ती केली कोत द’ईव्वारमध्येच. आफ्रिकी भाषांना लेखन नाही, हे वसाहतवाद्यांचे विधान या सगळ्यांच्या कानांवर पडत होते आणि प्रत्येकाने आपापल्या परीने त्याला उत्तर दिले.

न्को आज जिवंत आहे. तिच्यात पुस्तके आणि नियतकालिके छापली जातात, संगणकावरच्या युनिकोड या जागतिक वर्णसंचात २००६ मध्ये तिचा समावेश झाला. वाई आणि बामुम लिपींनाही पुढे तेथे जागा मिळाली. बुआब्रे यांच्या लिपीला असा व्यवहार लाभला नाही, आणि त्याची कारणे त्यांच्या प्रतिभेत शोधणे चुकीचे ठरेल. न्कोमध्ये सत्तावीस अक्षरे आहेत. येथे चारशेंवर चित्रे. न्जोयानेही सुमारे पाचशे चिन्हांपासून सुरुवात केली होती, पण पायरीपायरीने ती कमी करत त्याने सुमारे ऐंशीवर आणली आणि शिकवण्यासाठी शाळा उघडल्या. तो राजा होता, त्याला ते शक्य होते, आणि तरीही फ्रेंच सत्तेने पुढे त्या शाळा बंद पाडल्याच. कांते यांच्यामागे अनेक देशांत पसरलेले व्यापारी आणि मदरशांचे जाळे होते. बुआब्रे यांच्यामागे राजसत्ता नव्हती, व्यापाराचे जाळे नव्हते आणि शाळाही नव्हती. बेते भाषा एकाच देशाच्या एका भागात बोलली जाते, आणि दालोआची बोली, गाग्नोआची बोली, गिबेरुआची बोली यांच्यात इतके अंतर आहे की भाषाशास्त्रज्ञ त्यांना वेगवेगळ्या भाषा म्हणून मोजतात. उच्चारावर उभी असलेली लिपी अशा बोलीभेदांत अडखळते, कारण एका गावी ज्या वस्तूचे नाव एक ते दुसऱ्या गावी वेगळे असू शकते आणि मग चित्र ओळखीचे असूनही आवाज चुकतो.

त्यातही निर्णायक कारण मला शाळेचे वाटते. लिपी टिकते ती रोजच्या गरजेने: पत्र, हिशेब, प्रार्थना, परीक्षा. या चारांपैकी तीन गोष्टी बेते माणसाच्या आयुष्यात फ्रेंचने आधीच व्यापलेल्या होत्या.

पुठ्ठ्यावरचा कोश

सत्तरच्या दशकात बुआब्रे चित्रांकडे वळले. हे वळणे म्हणजे लिपी सोडून देणे नव्हते. जे काम चिन्हांनी करायचे तेच त्यांनी आता रंगीत चित्रांनी सुरू केले. साहित्य अगदी साधे: पोस्टकार्डाएवढा पुठ्ठ्याचा तुकडा, बॉलपेन आणि रंगीत पेन्सिली. सुरुवातीचे पुठ्ठे हे बायकांच्या कृत्रिम केसांच्या वेष्टनांतून आलेले होते. चौकट आखायची, मधोमध एक आकृती काढायची आणि चौकटीच्या चारही बाजूंनी मोठ्या फ्रेंच अक्षरांत त्या आकृतीचे वर्णन लिहायचे. वर्णन वाचायचे तर कार्ड हातात घेऊन फिरवावे लागते. बहुतेक कार्डांवर तारीख आणि सही असते. ‘जगाचे ज्ञान’ या शीर्षकाखाली त्यांनी वर्षानुवर्षे अशी कार्डे केली.

या कार्डांचा विषय काय, असे विचारले तर उत्तर देणे अवघड आहे, कारण विषय सगळेच आहेत. ढगांचे आकार आहेत. केळीच्या आणि संत्र्याच्या सालीवरचे डाग आहेत. कोलाच्या बियांवरच्या रेषा आहेत. पश्चिम आफ्रिकेत पाहुण्याला कोलाची बी देणे हा आपल्याकडच्या पानसुपारीसारखा मानाचा रिवाज आहे, त्यामुळे ती बी रोज कोणाच्या ना कोणाच्या हातात असतेच. बुआब्रे यांनी तिच्यावरची रेघ म्हणजे कोणीतरी लिहून ठेवलेले एक चिन्ह आहे, असे मानून ती जशीच्या तशी टिपली. सृष्टीने केलेल्या खुणा वाचता आल्या पाहिजेत, हा त्यांचा विश्वास होता, आणि बेकोराच्या दगडांपासून संत्र्याच्या सालीपर्यंत तो अखंड चालत आलेला दिसतो.

वारशाच्या दृष्टीने मला सर्वांत मोलाची वाटते ती ‘आफ्रिकी चेहऱ्याचे संग्रहालय’ ही मालिका. चेहऱ्यावर आणि अंगावर व्रण कोरून खुणा करण्याची प्रथा शहरांत मागे पडत होती. ती अनेकांना मागासलेपणाची वाटू लागली होती. बुआब्रे यांनी एकेक चेहरा घेऊन त्यावरची खूण स्पष्ट काढली आणि चौकटीत तिच्याबद्दल लिहिले. संग्रहालय म्हटले की इमारत, कपाटे, पहारेकरी असे काही डोळ्यांसमोर येते. येथे संग्रहालय एका पेटीत मावते, कोठेही नेता येते, आणि त्याचा संचालक, नोंदणी-अधिकारी व चित्रकार एकच आहे. ज्या काळात बेते मुखवटे आणि मूर्ती युरोपच्या संग्रहालयांत ‘वांशिक वस्तू’ म्हणून मांडल्या जात होत्या, त्या काळात एका बेते लेखनिकाने स्वतःचे संग्रहालय स्वतः काढावे आणि त्याला संग्रहालय हेच नाव द्यावे, यातला स्वाभिमान नजरेआड करता येत नाही. बेते कथांमधली दैवते आणि भुते यांच्याही मालिका त्यांनी केल्या, आणि उतारवयात लोकशाही, जगभरच्या स्त्रिया, राष्ट्रांमधले संबंध हे विषयही त्याच चौकटीत आणले.

‘बाहेरचा’ कोणाच्या बाहेरचा?

विसाव्या शतकाच्या मध्यावर फ्रेंच चित्रकार जाँ द्युब्युफे यांनी मनोरुग्णालये, तुरुंग आणि एकांत यांत घडलेल्या कलेला ‘आर्ट ब्रूत’, म्हणजे असंस्कारित कला, असे नाव दिले. पुढे इंग्रजीत तिच्यासाठी ‘आउटसायडर आर्ट’ हा शब्द रूढ झाला. संस्कृतीचा स्पर्श न झालेला माणूस, ही त्या कल्पनेची मूळ अट आहे. बुआब्रे या अटीत बसत नाहीत. ते कलाशाळेत गेले नाहीत, एवढेच त्यांच्यात आणि त्या वर्णनात समान आहे. बाकी ते शिकलेले होते, नोकरीत होते, विद्वानांशी पत्रव्यवहार करत होते, प्रवास केलेले होते आणि दोन संस्कृतींच्या खुणा वाचू शकत होते. बेते समाजाच्या दृष्टीने तर ते आतले, किंबहुना सर्वांत आतल्या कामाला लागलेले गृहस्थ होते. त्यांना ‘बाहेरचा’ म्हणताना अंतर मोजले जाते ते पॅरिसपासून. दालोआपासून मोजले तर तो शब्द उरत नाही.

हे शब्दांचे भांडण निष्फळ नाही. ‘आउटसायडर’ म्हटले की चित्रातला विक्षिप्तपणा, भाबडेपणा, दर्शनाची गोष्ट यांच्याकडे लक्ष जाते आणि चौकटीत लिहिलेला मजकूर सजावट ठरतो. लेखनिक म्हटले की तोच मजकूर वाचावासा वाटतो.

जगाला बुआब्रे माहीत झाले ते १९८९ च्या पॅरिसमधील ‘पृथ्वीचे जादूगार’ या प्रदर्शनामुळे. जाँ-युबेर मार्तँ यांनी पाँपिदू केंद्र आणि ला व्हिलेत येथे भरवलेल्या या प्रदर्शनात शंभराहून अधिक कलावंत होते, आणि त्यांत पाश्चात्त्य व बाकीच्या जगातले जवळपास निम्मे-निम्मे असावेत अशी योजना होती. मराठी वाचकाला येथे एक ओळखीचे नाव भेटते. डहाणू तालुक्यातले वारली चित्रकार जिव्या सोमा मशे याच प्रदर्शनात होते. लग्नाच्या चौकाचे चित्र भिंतीवर काढण्याचे काम वारली समाजात सुवासिनींचे. मशे यांनी ते सत्तरच्या दशकात कागदावर आणले आणि रोजच्या, प्रसंगाविनाच्या चित्रणाकडे वळवले. दोघांची परिस्थिती तंतोतंत सारखी नाही. मशे यांच्या मागे उभी राहिलेली चित्रपरंपरा होती आणि त्यांच्यानंतर शेकडो वारली चित्रकार तयार झाले. बुआब्रे यांच्यामागे बेते समाजात कागदावरच्या चित्रांची परंपरा नव्हती आणि त्यांच्यानंतर त्यांची पद्धत चालवणारी शाळाही उभी राहिली नाही. एकाच प्रदर्शनात मांडल्या गेलेल्या या दोन कामांपैकी एक समाजाच्या हातून आलेले होते आणि दुसरे समाजाच्या वतीने एका माणसाने केलेले होते, हा फरक ‘जादूगार’ या शब्दाखाली झाकला गेला.

या प्रदर्शनावर त्या वेळी एक आक्षेप घेतला गेला आणि तो मला रास्त वाटतो: आफ्रिकेतून निवड करताना स्वयंशिक्षितांना झुकते माप मिळाले आणि कलाशाळांतून शिकलेले चित्रकार मागे राहिले. कोत द’ईव्वारमधल्या आबिजान शहराच्या कलाशाळेतूनच सत्तरच्या-ऐंशीच्या दशकांत ‘वोहू-वोहू’ नावाची चळवळ निघाली होती. युसुफ बात, क्रा न’गेसाँ यांच्यासारख्या चित्रकारांनी आयात केलेल्या महाग रंगांऐवजी झाडाची साल, वाळू, वनस्पतिजन्य रंग असे देशी साहित्य वापरले. वारशाचाच प्रश्न तेही सोडवत होते. जगाच्या बाजारात मात्र शिकलेल्या आफ्रिकी माणसापेक्षा न शिकलेला आफ्रिकी माणूस अधिक ‘अस्सल’ ठरला. यात बुआब्रे यांचा दोष नाही. त्यांना मिळालेली कीर्ती खरी आहे आणि ती त्यांना मिळायलाच हवी होती.

आजची स्थिती

१९८९ नंतर कलासंग्राहक जाँ पिगोझी यांच्या संग्रहासाठी त्यांचे सल्लागार आंद्रे मान्यँ यांनी बुआब्रे यांची असंख्य चित्रे घेतली. २००२ मध्ये जर्मनीतील कासेल येथे, ओक्वुई एन्वेझोर यांनी मांडणी केलेल्या अकराव्या ‘दोकुमेंता’ या समकालीन कलेच्या मोठ्या प्रदर्शनात ती मांडली गेली. २०१३ च्या व्हेनिस द्वैवार्षिकीत बुआब्रे दोन ठिकाणी होते: मुख्य प्रदर्शनात, आणि कोत द’ईव्वारने प्रथमच उभारलेल्या राष्ट्रीय दालनात. २८ जानेवारी २०१४ रोजी आबिजान येथे त्यांचे निधन झाले. पिगोझी यांनी पुढे म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टला जी चित्रे दिली त्यांत १९९०-९१ मधील ‘बेते वर्णमाला’ ही ४४९ चित्रांची संपूर्ण मालिका आहे, आणि २०२२ मध्ये त्या संग्रहालयाने बुआब्रे यांच्या कामाचे मोठे स्वतंत्र प्रदर्शन भरवले.

म्हणजे लिपीची सर्व चिन्हे सुरक्षित आहेत, एकत्र आहेत, आणि बेते भाषा बोलणाऱ्यांपासून एका महासागराच्या अंतरावर आहेत. पिगोझी आणि मान्यँ नसते तर पुठ्ठ्याचे हे तुकडे आबिजानच्या दमट हवेत किती टिकले असते, हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारावाच लागतो. ही वस्तू लुटून नेलेली नाही. चित्रकाराने स्वतः दिलेली आहे. त्यामुळे मुखवटे आणि सिंहासने परत करण्याबाबत आज जो युक्तिवाद होतो तो येथे जसाच्या तसा लावता येत नाही. पण ‘जो विसरत नाही’ असे नाव घेतलेल्या माणसाचा संकल्प कागद टिकवण्यापुरता नव्हता. त्याला वाचक हवे होते.

म्हणून या प्रकरणात करण्यासारख्या ज्या गोष्टी मला दिसतात त्या चित्रांच्या मालकीपेक्षा त्यांच्या वाचनाशी संबंधित आहेत. ज्या ज्या संस्थेकडे ही कार्डे आहेत तिने चौकटीतला मजकूर पूर्ण उतरवून, शुद्धलेखनाच्या चुका न सुधारता, चित्राइतक्याच मानाने शेजारी लावावा. काचेमागे चारही बाजूंनी फिरणारे लेखन उभ्या माणसाला वाचता येत नाही आणि ते न वाचता पुढे जाणारा प्रेक्षक फक्त रंगीत आकृती पाहून जातो. वर्णमालेच्या प्रत्येक चिन्हाचा उच्चार बेते भाषकांकडून, दालोआ परिसरातल्या वृद्धांकडून आणि शक्य तर इतर बोलींच्या भाषकांकडूनही, ध्वनिमुद्रित करून घ्यावा. चित्र आणि आवाज यांची जोडी हेच त्या चिन्हाचे शरीर आहे. आवाज नसलेले चिन्ह ही वर्णमाला राहत नाही. चांगल्या प्रतीची छायाचित्रे दालोआच्या शाळांना आणि विद्यापीठाला विनामूल्य मिळावीत, आणि ती अशा जाड कागदावर, अशाच पोस्टकार्डाएवढ्या आकारात छापलेली असावीत की मुलाने एक कार्ड हातात घ्यावे, कडेचा मजकूर वाचण्यासाठी ते फिरवावे आणि मधल्या आकृतीचे नाव मोठ्याने, आपल्या भाषेत म्हणावे.